कोण म्हणून विचारायचं नाही

आमच्या घरी बेल वाजली की बायको स्वयंपाकघरातूनच "कोण?" म्हणून ओरडते. सगळ्यांच्याच बायका ओरडत असतील. मी मात्र हातातलं असेल ते टाकून मान वळवतो आणि ती दाराशी जाऊन परत येईपर्यंत तिच्याकडे बघत राहतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला हे प्रेम वाटलं. आता ती म्हणते, "कुरियरवाला आहे, मला पळवून नेत नाहीये." तिचं बरोबर आहे. पण ही खोड माझी नव्हे. तंजावूरच्या माझ्या घरमालकांनी ती मला लावली, आणि काही केल्या सुटत नाही.

तेव्हा मी एका बियाणं कंपनीत होतो. साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी मला कावेरीच्या खोऱ्यात भाताचं बियाणं विकायला धाडलं. मी नाशिकचा. भाताशी माझा संबंध ताटापुरता. तमिळचा एक शब्द येत नव्हता, मोपेड तेवढी चालवता येत होती. पहिल्याच आठवड्यात राजवाड्यामागच्या गल्लीत उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो, इथे धड पोळी मिळत नाही म्हणून रडगाणं गात होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "मिळतें कीं. आमच्याकडे करतात."

वळून बघतो तर एक उंच, सडसडीत म्हातारा. पांढरी लुंगीवजा वेष्टी, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंधाची रेघ. मराठी बोलेल असं त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मग कोण? राजांच्या बरोबर आलों, परत जायचं राहून गेलं," ते म्हणाले. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण जणू मागच्या महिन्यातली. "खोली पाहिजे कां?"

तिथल्या मराठी माणसाला तमिळ लोक रायर म्हणतात. गल्लीत ते सगळ्यांचे रायर होते, म्हणून माझेही झाले. कालवे खात्यात ओव्हरसियर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बोलायचे अस्सल जुनं मराठी, पण सूर सगळा तमिळचा, वाक्य शेवटी वर जाऊन लोंबकळायचं. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. माझ्या मराठीला ते "तुमचं हिंदी" म्हणायचे आणि मी चिडलो की खूष व्हायचे.

घर अरुंद, लांबोडकं. खाली ते एकटे. वर लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेल्या दोन खोल्या. खोली दाखवायला मला वर पाठवलं आणि स्वतः खालीच थांबले. खालून आवाज आला, "चालून दाखवा!"

"काय?"

"चाला कीं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

मी चाललो. "जड पाय टाका!" टाकले. माझं वजन तेव्हाही थट्टेचा विषय होता, त्यामुळे जड पाय टाकायला वेगळं काही करावं लागलं नाही. मी दोन फेऱ्या मारल्या. मग, "सेरि, ठीक. खोली तुमची."

फळ्या मजबूत आहेत का ते बघत असतील, अशी मी समजूत करून घेतली. शेजारच्या मामींनी नंतर सांगितलं की माझ्याआधी एका कारकुनाला रायरांनी परत पाठवलं होतं. का, तर म्हणे फार हलका चालतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वजनाला कोणी मान दिला होता. मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

भाडं ठरलं, पाण्याच्या वेळा सांगून झाल्या, आणि शेवटी त्यांनी एक बोट वर केलं. "दारावर कोणी आलं, तर कोण म्हणून विचारायचं नाहीं या घरांत. या, म्हणायचं."

"चोर आला तर?"

"त्यालाही या म्हणा. चोर काय नेईल? भांडं नेईल."

ते हसले नाहीत. मी हसलो, आणि उगीच हसलो असं वाटलं.

खालच्या दिवाणखान्यात तीन गोष्टी विचित्र होत्या. एक, टीव्ही. तो दाराला इतका चिकटून ठेवला होता की दार पुरतं उघडलं की त्याच्या कडेवर आपटायचं. टीव्हीची जुनी जागा समोरच्या भिंतीवर होती, तिथे वायरीचे डाग आणि दोन खिळे अजून दिसत होते. दोन, दाराशेजारी खिळ्याला टांगलेला एक पितळी डाव. आमटी वाढायचा असतो तसला. स्वयंपाकघरातले डाव स्वयंपाकघरात होते, हा एकटा इथे, आणि रोज घासलेला. तीन, तुळईला साखळ्यांनी टांगलेली एक फळी आणि तिच्यावरच्या बाहुल्या.

तंजावूरच्या मान हलवणाऱ्या बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील. कागदाच्या लगद्याच्या, डोकं निराळं, आतल्या तारेवर तोललेलं, जरा धक्का लागला की मान डोलते. नाचणारी बाई असते, म्हातारा-म्हातारी असते. रायरांच्या फळीवर यातलं काही नव्हतं. सगळ्या बाहुल्या एकाच इसमाच्या होत्या. लांब राखाडी झगा, हात दोन्ही बाजूंना सरळ. पहिल्या बाहुलीला तोंडच नव्हतं. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही, अंड्यासारखं गुळगुळीत डोकं. दुसऱ्या बाहुलीच्या डोक्यावर दोन फटी. तिसरीला ओठ आले होते. चौथीला भुवया, गाल, हनुवटी. शेवटी थोडी जागा मोकळी ठेवली होती.

"हा कोण?" मी विचारलं, आणि जीभ चावली.

"दाराशीं नाहीं ना, मग चालतें," रायर म्हणाले. "हा बिनतोंड्या."

बिनतोंड्या एका परदेशी मालिकेतला खलनायक होता. अंतराळातली जहाजं, लेसर, चकचकीत कपडे घातलेले शूर लोक, असा मामला. तमिळ वाहिनीने तिला इतकं लांबलचक नाव दिलं होतं की गल्ली तिला नुसतं "रायर-नाटक" म्हणायची. कारण ती पूर्ण बघणारा गल्लीत एकच माणूस. मालिका दोन-चार वर्षांनी बंद पडायची, मग नव्या नटांना घेऊन पुन्हा सुरू व्हायची. नायक बदलायचे, जहाज बदलायचं. बिनतोंड्या मात्र दर वेळी परत यायचा, आणि दर वेळी थोडा निराळा होऊन.

मला ही सगळी वंशावळ रायरांनी फळीसमोर उभं करून शिकवली. पहिल्या मालिकेत त्याला तोंड नव्हतं, आवाज नव्हता, हेतू नव्हता. तो जहाजाच्या दाराबाहेर येऊन नुसता उभा राहायचा. आतून कोणी "कोण?" म्हणून विचारलं, की विचारणारा माणूस उठून, दार उघडून, मुकाट्याने त्याच्याबरोबर चालू लागायचा. झटापट नाही, किंकाळी नाही. नेलेला माणूस परत दिसायचा नाही.

"तेव्हा तो चांगला होता," रायर म्हणाले.

"चांगला?"

"म्हणजे बरोबर होता. जसा असतो तसा होता."

दुसऱ्या मालिकेत त्याला डोळ्यांच्या फटी आल्या आणि आवाज आला. तमिळमध्ये तो आवाज ज्याने दिला होता तोच माणूस एका दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात करायचा. "तुमच्या मुलीच्या लग्नाला आम्ही आहोत," असं तो खर्जातला आवाज टीव्हीवर म्हणायला लागला की रायर खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि दाराची कडी चाचपून यायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबायला मला वर पळावं लागलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं नाही. तिसऱ्या मालिकेत बिनतोंड्याला ओठ आले आणि तो वाटाघाटी करू लागला. चौथ्यात कळलं की त्याचा ग्रह ओसाड आहे, तो एकटा आहे, म्हणून माणसं नेतो. लोकांना त्याची दया येऊ लागली.

"बदलतोय," रायर त्या बाहुल्यांवरून बोट फिरवत म्हणायचे. "बघा, पायरी पायरीनं बदलतोय. ज्याला तोंड आलें, त्याला लाज येईल. लाज आली कीं नेलेलं परत देईल."

बाहुल्या करणारे आसारी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. पहिली बाहुली करताना त्यांनी फार कटकट केली होती म्हणे. बाहुलीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, डोळे काढले की बाहुली पुरी झाली. डोळे नसलेली बाहुली घराबाहेर द्यायला ते तयार होईनात. शेवटी त्यांनी बाहुलीच्या पोकळ डोक्यात, आतून, दोन ठिपके काढले आणि मग ती दिली. "बाहेरून आंधळा, आंत बघतोय," असं रायर मला कौतुकाने सांगत. मी ती बाहुली उलटी करून कधी पाहिली नाही. मला गरज वाटली नाही असं मी स्वतःला सांगायचो.

मी खोली घेतली त्या वर्षी पाचवी मालिका यायची होती, पण आता टीव्हीवर नाही, इंटरनेटवर. ते कसं बघायचं हे रायरांना उमगेना. मी टीव्हीला जोडणी करून दिली आणि बक्षीस म्हणून दर रविवारी दुपारी त्यांच्याशेजारी बसायची शिक्षा मला मिळाली. बरोबर पोळी आणि सांबारं असायचं, म्हणून मी जायचो.

त्याच सुमाराची गोष्ट. कंपनीतला एक मित्र माझ्याकडे आला होता. तो वर फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता आणि मी पाणी आणायला खाली उतरलो. दुपारचे दोन-अडीच. गल्लीत ऊन पांढरं पडलेलं, पंखा बंद, वाऱ्याचं नाव नाही. रायर फळीसमोर पाठमोरे उभे होते. फळीवरच्या सगळ्या माना हलत होत्या. तोंड नसलेली, फटीवाली, ओठवाली, चौथी, सगळ्या संथपणे, एका तालात, होय होय म्हटल्यासारख्या.

रायर हलक्या आवाजात विचारत होते, "आहे?"

माना हलल्या.

"बरी आहे?"

माना हलल्या.

माझ्या हातातली कळशी वाजली. रायर वळले. मला पाहून त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी छताकडे पाहिलं. वर पावलं वाजतच होती. "तुम्ही खालीं," ते म्हणाले, "मग वर को—" आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

"माझा मित्र आहे," मी घाईने म्हणालो.

ते भिंतीला टेकले. हलत्या मानांकडे बघत म्हणाले, "तोही जड आहे."

तेव्हा मला कळलं की खोली देताना त्यांनी काय पाहिलं होतं. फळी वरच्या तुळईला टांगलेली. मी वर चाललो की खाली माना होय म्हणायच्या. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, यात कसलंही गूढ नव्हतं, आणि तरी ते विचारत होते. त्यानंतर कितीतरी दिवस मला स्वतःच्या खोलीत चालायची चोरी झाली. पाणी प्यायला उठलो तरी वाटायचं, खाली आत्ता कुणीतरी काहीतरी विचारलं असेल आणि मी नकळत त्याला होय म्हणून बसलो.

"आहे का" हे कोणाबद्दल, ते मला घरात कळलं नाही. ते ओरत्तनाडूकडच्या एका गावात कळलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बियाणं दाखवत होतो, तोवर माझं तमिळ कामापुरतं झालं होतं. कुठे राहता, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"पाणी थांबवलं ते रायर?" तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. एका वर्षी, कुरुवै म्हणजे पहिल्या हंगामाच्या भाताची लावणी नुकतीच झालेली, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. आणि एका सकाळी पाणी आटलं. लोक काठावर धावले. पाहतात तर वरचं शटर खाली टाकलेलं आणि ओव्हरसियर रायर वेष्टी वर खोचून कालव्याच्या तळातून, गुडघाभर चिखलातून चालत येताहेत. हातात काठी. प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक मोरीत काठी घालून बघताहेत. लोकांनी शिव्या दिल्या, दगडसुद्धा उचलले. मग कोणीतरी सांगितलं की त्यांची बायको कालपासून घरी नाही आणि तिची एक चप्पल घाटाच्या पायरीवर सापडली आहे. लोकांनी दगड टाकून दिले. संध्याकाळपर्यंत रायर चालले. काही मिळालं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने शटर वर केलं आणि पाणी सोडलं.

"आमचं भात त्या वर्षी पिवळं पडलं," शेतकरी म्हणाला. "पण कोणी तक्रार दिली नाही."

त्या संध्याकाळी मी परत आलो. रायर पायरीवर बसले होते. मी शेजारी टेकलो. काही विचारलं नव्हतं, पण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं.

"माझ्या कालव्यांत ती नाहीं," ते म्हणाले. "मी पाणी थांबवून बघितलों. चप्पल काय, कोणाचीही असतें."

मग त्यांनी सांगितलं. दुपार होती. टीव्ही तेव्हा समोरच्या भिंतीवर होता, म्हणजे बघणाऱ्याची पाठ दाराकडे. बिनतोंड्या पहिल्यांदाच येत होता. पहिला भाग. पडद्यावर जहाजाची स्वयंपाकीण, हातात डाव, दाराशी येऊन विचारते, कोण? आणि त्याच वेळी मागे, खऱ्या घरात, बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कोण?" ती त्यांच्या खुर्चीमागून गेली. पदराचा वारा लागला. कडी वाजली.

"मी मान वळवलों नाहीं," रायर म्हणाले. "ती जाऊन येतें म्हणाली कां, तेंही ठाऊक नाहीं. टीव्हीचा आवाज मोठा होता. रसम जळलेला वास आला तेव्हा उठलों. डाव पायरीवर होता. इथें, जिथें तुम्ही बसलांत."

मी उठून उभा राहिलो. मला त्यांची फार दया आली आणि थोडी भीतीही वाटली, हे खरं सांगतो.

त्यांचा मुलगा चेन्नईला असतो. वर्षातून दोनदा यायचा. शांत, समजूतदार, बापासमोर आवाज न चढवणारा. तो त्या वर्षी नवरात्राच्या आधी आला तो ठरवूनच. आईला जाऊन बारा वर्षं होत होती. गेलेला माणूस बारा वर्षं सापडला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं रीतसर करायचं, असं आपल्याकडे शास्त्र आहे. मुलाला ते करायचं होतं.

"तिला बरं नव्हतं, अप्पा," तो म्हणाला. मी पोळी गिळत खाली मान घालून बसलो होतो. "किती महिने ती कोणाशीं बोलत नव्हती. तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. कोणी येऊन नेलं नाहीं तिला."

"घरांत कोलू मांडतों मी," रायर म्हणाले.

याचा अर्थ मला नंतर मामींनी सांगितला. कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्या करून त्यांवर मांडलेल्या बाहुल्या. खरं म्हणजे बायकांचं काम. पण बायको गेल्यापासून रायर दर वर्षी स्वतः पायऱ्या मांडायचे, दर वर्षी एक तरी नवी बाहुली आणायचे, सवाष्णींना बोलावून सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटायचे. कारण घरात कोणी मेलं तर त्या वर्षी कोलू मांडत नाहीत. कोलू मांडलाय याचा अर्थ या घरात कोणी मेलेलं नाही. बारा वर्षं ते नऊ दिवस दार सताड उघडं ठेवून सगळ्या गल्लीला हे सांगत होते.

मुलाने फळीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "इतक्या बाहुल्या केल्यात, अप्पा. तेवढी एक दर्भाची करायला काय होतें?"

"ती जाळायची असतें," रायर म्हणाले.

मुलगा त्याच दिवशी परत गेला. जाताना मला म्हणाला, "तुम्ही त्यांना ती मालिका लावून देऊं नका." पण पाचवी मालिका निम्मी झाली होती, आणि मी शेवट बघितल्याशिवाय राहणार नव्हतो. रायर तर नाहीच.

शेवटचा भाग आम्ही एका रविवारी दुपारी पाहिला. बिनतोंड्याला आता पुरता चेहरा होता, एका म्हाताऱ्या, थकलेल्या नटाचा. तो जहाजावर शरण येतो. गुडघे टेकतो. सांगतो की मी एकटा होतो. तो रडतो, कप्तान त्याला उठवून मिठी मारते, सगळे त्याला क्षमा करतात, संगीत मोठं होतं, जहाज एका सूर्याकडे निघून जातं. मीही मनातल्या मनात त्याला क्षमा करून टाकली. मी रायरांकडे पाहिलं.

ते पुढे वाकून वाट बघत होते. नावांची पाटी सुरू झाली, वर सरकत राहिली, संपली. पडदा काळा झाला. तरी ते वाट बघत होते.

"झालं," मी म्हणालो.

"नेलेल्यांचं काय?"

मी रिमोट शोधू लागलो.

"सगळ्यांनी क्षमा केली. छान. नेलेल्यांचं काय?" त्यांचा आवाज चढला. "पहिल्या भागांत स्वैंपाकीण होती. हातांत डाव होता. तिला कुठें ठेवलंय म्हणून एकानं विचारलं नाहीं. त्याला तोंड दिलं, डोळे दिले, रडूं दिलं. तिला विसरले!"

त्यांनी टीव्ही बंद केला. नंतर मी त्या घरात असेपर्यंत तो कधी लागला नाही. त्या आठवड्यात मी वर माझ्या मोबाइलवर शोधून पहिल्या मालिकेचा पहिला भाग पाहिला. त्यात स्वयंपाकीण नाही. दाराशी एक तरुण पहारेकरी असतो. त्याच्या हातात काहीच नसतं. दुसरी एखादी आवृत्ती असेल म्हणून मी पुन्हा शोधलं. नव्हती. हे मी रायरांना सांगितलं नाही, आणि आजवर कोणालाच नाही.

नवरात्राच्या आदल्या दिवशी आसारी पाचवी बाहुली घेऊन आले. त्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिला नव्हता. रायर तोंडी वर्णन करायचे, म्हातारा, उंच, दमलेला, रडून झालेला, आणि आसारी ऐकून बाहुली करायचे. त्यांनी कागद उलगडला. मी जवळच उभा होतो, दोन पावलं मागे सरलो. राखाडी झगा, हात सरळ. वर चेहरा रायरांचा. तेच लांब नाक, तीच आत गेलेली गालफडं.

आसारींच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. ते चाचरत म्हणू लागले, हात सवयीने ओळखीच्या चेहऱ्यावर गेला, रंग पुसून देतो, उद्या दुसरं डोकं आणतो. रायरांनी बाहुली उचलून खिडकीपाशी उजेडात नेली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"राहूं द्या," ते म्हणाले. "बरोबर आलाय. मान न वळवणारा हाच."

त्यांनी ती मोकळ्या जागेत ठेवली. फळी हलली आणि पाचही माना होय म्हणाल्या. रायरांनी त्या दिवशी त्यांना काही विचारलं नाही.

कोलू त्या वर्षीही मांडला. सगळ्यात वरच्या पायरीवर लाल लाकडाच्या नवरा-बायकोच्या बाहुल्या, मरप्पाची म्हणतात त्यांना. लग्नात मुलीच्या आईने द्यायच्या असतात, ही त्यांच्या बायकोबरोबर आलेली जोडी. विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की पायऱ्यांवरची एक बाहुली आडवी करून निजवतात, म्हणजे कोलू संपला. बहुतेक घरांत या जोडीलाच निजवतात. रायर मात्र दर वर्षी दुकान मांडून बसलेल्या मातीच्या चेट्टियाराला, म्हणजे वाण्याला, निजवायचे. गल्लीतल्या बायका त्यावरून हसायच्या, बिचारा चेट्टियार, नऊ दिवस दुकानात बसून दमतो म्हणायच्या.

त्या संध्याकाळी आरती झाली. मामी होत्या, दोघी-तिघी शेजारणी होत्या, मी होतो. रायरांचा हात चेट्टियाराकडे गेला आणि थांबला. मग ते स्टुलावर चढले. वरच्या पायरीवरच्या लाकडी बाईच्या डोक्यामागे एक हात आणि पायांखाली एक हात घालून, तान्ह्या मुलाला निजवतात तसं त्यांनी तिला आडवं केलं. तिच्या इवल्या साडीची घडी नीट केली.

"निज आतां," ते म्हणाले.

मामींनी पदर तोंडाला लावला. लाकडी नवरा तिच्याशेजारी एकटा उभा होता. रायर खाली उतरले आणि मला म्हणाले, "मुलाला फोन लावून द्या."

मुलगा आला. नदीकाठी दर्भाचा पुतळा झाला, अग्नी दिला. मी लांब उभा होतो. रायर मान वळवून शेवटपर्यंत त्या ज्वाळेकडे बघत होते. परत आल्यावर त्यांनी फळी उतरवली, चार बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत घातल्या. पाचवी मात्र टीव्हीवर ठेवली, आणि खिळ्यावरचा डाव काढून स्वयंपाकघरात इतर डावांबरोबर टांगला. मला वाटलं, सुटले एकदाचे.

पुढच्या नवरात्रात घरात कोलू नव्हता. शेजारून सवाष्णींची गाणी यायची. आमच्या घराचं दार पहिल्यांदाच बंद होतं. माझी बदली झाली होती, सामान बांधत मी वर बसलो होतो. दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ना कोणी दार वाजवलं, ना कोणी हाक मारली, माझे कान चांगले आहेत. आणि खालून रायरांचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, तरण्या माणसाचा असावा तसा.

"कोण?"

मग कडी वाजली.

मी जिन्यावरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. माझ्या पायांनी सगळं घर हादरलं. दार सताड उघडं होतं आणि रायर उंबऱ्यात उभे होते, एक हात चौकटीवर. बाहेर रिकामी, पांढरी गल्ली. टीव्हीवरची त्यांच्याच चेहऱ्याची बाहुली माझ्या धावण्याने मान हलवत होती.

"रायर!" मी त्यांचा दंड धरला.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. थोडे खजील झाले होते, इतकंच.

"कोणी नाहीं," ते म्हणाले. "विचारून बघितलों."